दगडप्पाची भागम्मा

पिंगळीच्या स्टेशनात भागम्मा कामाला लागली आणि पहिल्याच दिवशी तिच्या नवऱ्याचं नाव दगडप्पा पडलं.

यात चूक कुणाची म्हणायची? स्टेशनमास्तर व्यंकटराव भुकेजलेले, घरून जेवायची हाक येऊन गेलेली आणि समोर नोकरांचं रजिस्टर उघडं. त्यांनी नाव विचारलं, तिनं भागम्मा सांगितलं. मास्तरांनी 'भागम्मा जौजे' एवढं लिहिलं आणि टाक दौतीत बुडवून थांबले. जौजे म्हणजे अमक्याची बायको. निजामसरकारच्या अमलात बाईच्या नावापुढं हा शब्द लागला की त्याच्यापुढं एक पुरुष लागायचाच.

"कुणाची बायको?" मास्तरांनी विचारलं.

"काडीमोड झालीय माजी."

"झाली असेल. त्याच्या आधी कुणाची होतीस? जागा कोरी सोडता येत नाही."

आली का पंचाईत. नवऱ्याचं नाव धोंडप्पा, आणि लग्न झाल्यापासून ते नाव भागम्मानं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. नावच काय, धोंडा हा शब्दसुद्धा ती उच्चारत नसे. धोंड्याला दगड म्हणायची, धोंड्याच्या महिन्याला अधिक म्हणायची. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आईनं कानात भरून सासरी धाडलेलं. आता संसार मोडला, मंगळसूत्र परत दिलं, पण हे जिभेला कुणी सांगावं? जीभ आपली तिथंच अडायची.

"दगडाला दुसरं काय म्हंत्यात," ती खाली बघत पुटपुटली, "त्याला अप्पा लावा."

मास्तरांच्या पोटात कावळे ओरडत होते, त्यात तिचा आवाज एवढासा. त्यांना दगड ऐकू आला आणि अप्पा ऐकू आलं. 'दगडप्पा' लिहून मोकळे झाले, वर मोठ्यानं वाचूनही दाखवलं. चूक सुधारायची तर खरं नाव घ्यायला हवं. भागम्मा म्हणाली, असू द्या. रूळ बदलणारा सांधेवाला आश्रुबा दारात उभा होता, त्यानं दिवस मावळायच्या आत ते गावभर केलं, आणि बाई दगडप्पाची भागम्मा झाली ती झालीच.

तर ही भागम्मा देवगावच्या चंद्रप्पाची लेक. घर लिंगायताचं, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि वावरात ज्वारी. लहानपणी माळ्यावर उभी राहून पाखरं राखायची. तिनं एक आरोळी दिली की शेजारपाजारच्या वावरातलीसुद्धा पाखरं उठायची, म्हणून शेजारी राखणीला माणूस ठेवायचेच नाहीत. फुकटात काम होत असेल तर कोण ठेवील? बापाला तिच्या आवाजाचं कौतुक होतं. बापाचं कौतुक सासरी चालत नाही, हे तिला मानवतला गेल्यावर कळलं.

मानवतला धोंडप्पाचं कापसाच्या अडतीचं दुकान, आणि दुकानामागंच घर. धोंडप्पा माणूस वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, कधी वेडंवाकडं बोलला नाही. त्याच्याकडं फक्त एकच शब्द होता, हळू. वाढू का म्हणून विचारलं की तो म्हणे, हळू. कोणी आलंय बघा म्हटलं की तळहात खाली दाबून दाखवी, हळू. बाहेर गिऱ्हाइकं बसल्यात, घरातला आवाज कशाला त्यांच्या कानावर? सासूचंही तेच. मग भागम्मानं आवाज उतरवला. आधी थोडा, मग आणखी थोडा. पुढं पुढं तर ती गायीशीसुद्धा कुजबुजायला लागली.

आणि एवढं करून शेवटी घोळ झालाच. घरी जंगम स्वामींची पाद्यपूजा होती. भाऊबंद जमलेले, व्यापारी जमलेले. धोंडप्पा दोन्ही हातांत तीर्थाचं ताट धरून मोठ्या भक्तीनं निघाला आणि आपल्याच धोतरावर पाय देऊन बसला. ताट सावरलं, धोतर सुटलं. सगळ्यांनी शहाण्यासारख्या माना खाली घातल्या, स्वामींनी डोळे मिटले. भागम्मा मात्र हसली. कोंडून ठेवलेलं हसू ते, थांबता थांबेना. दुकान ओलांडून रस्त्यावर गेलं. स्वामींच्या मिशाही हलल्या असं बघणारे सांगतात, पण स्वामींना कोण काय विचारणार?

त्या दिवसापासून धोंडप्पानं तिच्याशी बोलणं टाकलं. हळूसुद्धा म्हणेना. होळीपासून धरलेला अबोला दिवाळीपर्यंत गेला आणि मग पंच बसले. पंचांसमोर नवऱ्यानं काडी मोडायची की संसार मोडला, अशी रीत. कुणीतरी वावराच्या धुऱ्यावरून काडी तोडून आणली ती हिरवीगार. धोंडप्पानं मोडली तर ती वाकली. पुन्हा मोडली, पण साल काही तुटेना. दोन्ही तुकडे सालीला लोंबकळत राहिले. पंचांना ऊन सोसवेना. "मोडली, मोडली," असं म्हणत सगळे धोतर झटकून उठले.

उठणारे उठले, पण भागम्माच्या डोळ्यांसमोरून ती काडी काही हलेना. मोडली म्हणावी तर मोडली नाही, जोडली म्हणावी तर जोडली नाही. बाप आता थकलेला. भावांच्या घरात बसून खायचं म्हणजे भावजयांची तोंडं बघायची. म्हणून पिंगळीच्या चन्नबसम्मा मावशीनं तिला बोलावून घेतलं. मावशी विधवा, गावात किराणा विकायची, स्टेशनमास्तरांच्या घरी लोणी घालायची. लढाई चालू होती, स्टेशनातला पाणी पाजणारा माणूस पलटणीत गेला होता आणि दुसरा मिळत नव्हता. मावशीनं लोण्याबरोबर भाचीचं नाव सरकवलं. "आवाज असा हाय," ती म्हणाली, "पिंगळीत वरडली तर परभणीची गाडी थांबंल."

आणि इथं आवाज कुठला निघायला?

काम अवघड नव्हतं. रांजण भरायचे, गाडी आली की घागर आणि झारी घेऊन डब्यांच्या बाजूनं ओरडत जायचं, "पाणी, हिंदू पाणी." खिडकीतून ओंजळी बाहेर यायच्या, त्यांत वरून धार धरायची. ओंजळ कुणाची हे बघत बसायला गाडी थांबतच नसे, आणि भागम्मानंही कधी बघितलं नाही. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला मुसलमान पाण्याचा भिस्ती होता. त्याची हाक इंजिनापर्यंत जायची, आणि भागम्माची हाक तिच्या पदरापर्यंत. लोक तहानेनं तळमळत गाडीत बसून राहायचे, गाडी निघून जायची आणि घागर भरलेलीच.

"बाई, तू पाणी वाटतेस की चोरून विकतेस?" मास्तर म्हणाले. "हा धोंड्याचा महिना संपेपर्यंत बघतो. आवाज निघाला तर तुला कायम करतो, नाही निघाला तर दुसरी सोय लावतो. माझाही नाइलाज आहे."

भागम्माचा जीव थाऱ्यावर नव्हता. गाडी नसली की ती फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायची. भरलेला रांजण उपसून पुन्हा भरायची. बसली की उठायची, उठली की कुठं जायचं ते सुचायचं नाही. मानवतकडं जाणारी गाडी आली की पाय आपोआप तिकडं वळायचे, पूर्णेकडं जाणारी आली की वाटायचं, हिच्यात बसावं आणि जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही तिथं उतरावं. गावाबाहेर मोट हाकणाऱ्यांच्या आडोशाला जाऊन तिनं ओरडून बघितलं. घशाशी येऊन हाक अडायची. कुणीतरी तळहात दाबून धरल्यागत. तिला रडू यायचं, आणि रडायचीसुद्धा हळू.

असं चाललेलं असताना एका सकाळच्या गाडीनं धोंडप्पा येऊन उतरला. परीटघडीचं उपरणं, हातात छत्री. भागम्मा घागर घेऊन उभी होती. तिनं त्याला बघितलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर पदर सावरला. या सवयीचं काय करावं?

मावशीला तर आभाळ ठेंगणं झालं. धोंड्याच्या महिन्यात जावई आपल्या पायानं दारात आलाय, आणखी काय पाहिजे? काडी मोडली की मोडली नाही, ते गेलं खड्ड्यात. तिनं पुरण घालून धोंडे तळले, त्याला पाटावर बसवलं आणि जावयाचं वाण म्हणून नवंकोरं धोतर दिलं. धोंडप्पा ते लगेच नेसला. माणूस रीतीचा होता.

जेवणं झाल्यावर मावशी मुद्दाम दुकानात जाऊन बसली. धोंडप्पा भिंतीला टेकून बसला, भागम्मा दाराच्या चौकटीशी.

"ती काडी मोडली नव्हती," तो म्हणाला. "मी बघितलंय. वाकली हुती नुसती."

"मला ठाव हाय."

"आई गेली, कळलं आसंल. घर लय गप झालंय." तो उपरण्याची घडी सारखी करत म्हणाला. "दुकान बंद करून घरात आलो की कायबी ऐकू येत न्हाई. चल घरला."

भागम्माला वाटलं, या माणसाला आपली आठवण आली, गाडीत बसून एवढ्या लांब आला, घर गप झालंय म्हणाला. पंचांपुढं बसली तेव्हाही तिला इतकं भरून आलं नव्हतं. तिनं धीर करून विचारलं, "माजा आवाज चालंल का मंग?"

धोंडप्पा खोटं बोलणारा नव्हता. त्यानं नीट विचार केला. "चालंल की," तो म्हणाला. "हळू बोललीस तर कामून न्हाई चालणार?"

ती उठून आत गेली आणि उगीचच चूल सारवायला बसली. मावशी मागोमाग आलीच. "कशाचा इच्यार करायलीस गं माय? आवाज तुला हितं तरी कुठं फुटायलाय? मास्तर दुसरा मानूस बगायलेत म्हनं. मंग काय करशील, माज्या दुकानात मीठ-मिरची जोखशील?"

हे मात्र खरं होतं. मोठ्यानं बोलायची मोकळीक होती तिथं आवाज निघत नव्हता, आणि निघाला असता तिथं मोकळीक नव्हती. मग मानवत काय आणि पिंगळी काय? भागम्मानं आपल्या दोन लुगड्यांचं गाठोडं बांधलं. बांधताना तिला स्वतःचाच राग आला, गाठोड्याचाही आला, दोनदा सोडून तिसऱ्यांदा बांधलं.

दुपारच्या गाडीनं मानवतला जायचं ठरलं. भागम्मा मास्तरांना सांगून आली की एवढी गाडी पाणी पाजते आणि तिच्यातच बसून जाते. मास्तरांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी रजिस्टर लगेच काढलं नाही.

ऊन रणरणत होतं. फलाटावर थोडी माणसं, कुणी पोत्यावर बसलेलं, कुणी पागोट्यानं वारा घेतोय. सावली पलीकडच्या बाजूला, रुळांच्या पल्याड, लिंबाखाली. धोंडप्पा भागम्माचं गाठोडं घेऊन तिकडं जाऊन बसला. भागम्मा रांजणापाशी उभी होती, पायांना एका जागी राहवत नव्हतं.

सिग्नल पडला. पण तो पॅसेंजरचा नव्हता. लढाईच्या सामानाची मालगाडी पूर्णेकडून येत होती, तिला आधी सोडायची होती, आणि ती पिंगळीला थांबत नसे. आश्रुबा निशाण घेऊन फलाटावर उभा राहिला. हे स्टेशनातल्या माणसांना माहीत, धोंडप्पाला कुठून असणार? सिग्नल पडला म्हणजे आपली गाडी आली, असं समजून तो गाठोडं काखेत मारून निघाला, शांतपणे, रुळांतून. तिथं सांध्याच्या लोखंडी दांड्या होत्या. नव्या धोतराचा सोगा दांडीत अडकला.

दुसरा कुणी असता तर हिसका मारून निघाला असता. पण धोतर वाणाचं, नवं, फाटलं तर अपशकुन. धोंडप्पा खाली वाकला आणि एकेक सूत जपून सोडवायला लागला. वारा मानवतकडून वाहत होता, मालगाडी पाठीमागून येत होती. इंजिनानं शिट्टी दिली. त्याला वाटलं, पॅसेंजर आहे, हळूहळू येईल.

आश्रुबा निशाण हलवत सुटला, पण खाली वाकलेल्या माणसाला निशाण दिसायचं कसं? भागम्माच्या हातून घागर सुटली.

"आवं," ती म्हणाली. मग जोर करून, "आवंऽऽ."

फलाटावरचा एकूणएक पुरुष तिच्याकडं वळला. ज्याला त्याला घरी आवं म्हणूनच हाक मारायचे. ज्यानं वळायला हवं होतं तो वळला नाही. त्यानं ऐकलं मात्र. धोतरावरची नजर न काढता त्यानं एक हात मागं केला आणि तळहात खाली दाबून दाखवला, हळू.

तो हात भागम्मानं बघितला. इंजिनही बघितलं. आणि तिच्या पोटातून, माळ्यावरच्या त्या पोरीच्या पोटातून निघायची तशी, हाक निघाली.

"धोंडप्पाऽऽ!"

लिंबावरचे सगळे कावळे उठले. टोकाचा भिस्ती मशक टाकून उभा राहिला. मावशी म्हणते, मला दुकानात ऐकू आलं. आईच्या पश्चात धोंडप्पाला असं नुसत्या नावानं कुणी हाकारलं नव्हतं. तो लहान पोरासारखा दचकला, ताठ झाला, वळून बघितलं आणि मागच्या मागं उडी टाकली. धोतर तिथंच राहिलं. मालगाडी धडधडत आली आणि बराच वेळ जात राहिली. भागम्मा फलाटावर मटकन खाली बसली. पलीकडं काय झालं ते डब्यांमुळं दिसत नव्हतं. तिनं डोळे गच्च मिटून घेतले. नाव घेतलं की आयुष्य कमी होतं, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं.

गाडी सरली. पल्याड धोंडप्पा उभा होता, अंगात सदरा, कमरेला लंगोट, आणि पुढं दोन्ही हातांनी धरलेलं भागम्माचं गाठोडं. धोतराची एक चिंधी दांडीला फडफडत होती, बाकीचं परभणीच्या वाटेला लागलं होतं.

तो रूळ ओलांडून आला. लोकांनी त्याला हात देऊन वर घेतलं. आश्रुबानं खांद्यावरचा पंचा त्याच्या कमरेला गुंडाळला. भागम्मा उठून उभी राहिली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो जिवंत होता, एवढंच तिला दिसत होतं.

धोंडप्पानं तिच्याकडं बघितलं. ओठ पांढरे पडलेले.

"चारचौघात," तो म्हणाला, "माजं नाव घेतलंस."

भागम्मा बघतच राहिली. मग तिला हसू आलं. रडता रडता आलं आणि मोठ्यानं आलं, पाद्यपूजेच्या दिवशी आलं होतं त्याहून मोठ्यानं. या खेपेला तिनं ते थांबवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"घेतलं," ती म्हणाली. "नवऱ्याचं आसतं तर जिभंवर आलं नसतं. आता मोडली बगा काडी."

धोंडप्पानं मान खाली घातली. तो रीतीचा माणूस होता. बायको नाव घेत नाही, आणि हिनं ते सगळ्या फलाटाला ऐकवलं होतं. आता पंचही नकोत आणि काडीही नको. त्यानं गाठोडं तिच्यापुढं धरलं. तिनं ते घेतलं.

पॅसेंजर आली. भागम्मानं दुसरी घागर भरली आणि पहिल्या डब्यापासून सुरुवात केली. "पाणीऽऽ, हिंदू पाणीऽऽ." भिस्तीनं आपली हाक जरा चढवली, तर तिनं आणखी चढवली. खिडक्या-खिडक्यांतून ओंजळी बाहेर आल्या. मधल्या एका डब्यात पंचा गुंडाळलेला माणूस खिडकीशी बसला होता. त्यानंही ओंजळ पुढं केली. भागम्मानं झारी धरली आणि त्याचं पोट भरेपर्यंत धार सोडली.

"उतरताना पायाखाली बगा. सांबाळून जावा," ती म्हणाली. त्यानं नुसती मान हलवली, तळहात खाली दाबून दाखवला नाही. गाडी हलली. भागम्मा पुढच्या डब्याकडं पळाली.

गाडी गेल्यावर व्यंकटरावांनी तिला आत बोलावलं. रजिस्टर उघडंच होतं. आश्रुबा सवयीनं दारात.

"कायम करतो तुला," मास्तर म्हणाले. मग थोडे ओशाळून, "त्या दिवशी माझी ऐकण्यात चूक झाली म्हणायची. दगडप्पा खोडून धोंडप्पा करतो."

"त्याच्या आधीचं खोडा," भागम्मा म्हणाली.

"आधीचं कोणतं?"

"जौजे."

मास्तरांनी टाक थांबवला. "मग कुणाची लिहू? जागा कोरी ठेवता येत नाही, बाई."

"लेक लिवा. बापाचं नाव सांगते. आता नीट ऐका, मास्तर." आणि तिनं बापाचं नाव असं सांगितलं, की दारातला आश्रुबा दोन पावलं मागं सरला आणि फलाटाच्या टोकाला भिस्तीनं वळून विचारलं, "कौन चंद्रप्पा?"